गिनी पिगचं लंघन

संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या गावात बायकांची परीक्षाच असते. कोणाच्या घरी काय वाण मिळालं, कोणाची ओसरी कशी होती, कोणाच्या चहात साखर कमी पडली, यावर पुढे महिनाभर तळ्याच्या पाळीवर चर्चा चालते. मी या परीक्षेत कधी नापास झालेली नाही. ओसरी धुवायची, दारात रांगोळी घालायची, पितळेची ताटं चिंचेनं घासायची. गेल्या दोन वर्षांपासून यात आणखी एक काम वाढलं होतं. सासऱ्यांच्या गिनी पिगचा खोका ओसरीवरून उचलून मागच्या रिकाम्या कोठ्यात नेऊन ठेवायचा. बायका आल्या की तो नजरेस पडायला नको.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. आमचं गाव सानगडीच्या बाजूला. धानाची शेती, मागे गुरांचा कोठा, पुढे ओसरी. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला आहे, तो रविवारपुरता घरी येतो. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे एरवी घरात मी आणि मामाजी, आणि तिसरा हा.

हा आला तो माझ्या मुलामुळे. मुलगा नागपूरला शिकायला होता. तिथे कोणाकडून तरी त्यानं हे पिल्लू घेतलं, होस्टेलवाल्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा बुटाच्या खोक्यात घालून घरी आणलं. "चार दिवस ठेव आई, सोय झाली की नेतो." सोय झाली ती पुण्याच्या नोकरीची. मुलगा गेला आणि हा राहिला. पांढरा-तांबडा, मूठभर, शेपूट नाही, कान खाली मुडपल्यासारखे. मुलानं सांगितलं, याला गिनी पिग म्हणतात. पिग म्हणजे डुक्कर हे गावात सगळ्यांना माहीत. पण डुक्कर म्हणावं तर तसं दिसत नाही आणि उंदीर म्हणावं तर शेपूट नाही. शेजारणी मला तोंडावर विचारायच्या, "काहो, तुमचा बिनशेपटीचा कसा आहे?" आणि पदरात हसायच्या. मीही हसायची. आतून मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

कारण हा कोणाच्या घरात, तर मामाजींच्या! बैलांची पारख करावी ती आमच्या मामाजींनी. शंकरपटाच्या शर्यतीत त्यांची जोडी पळायची तेव्हा माणसं झाडावर चढून बघायची म्हणे. आजूबाजूच्या गावांतून लोक आजारी बैल घेऊन आमच्या दारात यायचे. मामाजी बैलाच्या डोळ्यांत बघायचे, कानाच्या मुळाशी हात लावायचे, पोटावर कान टेकवायचे आणि दुखणं सांगायचे. मी नवी नवरी असताना आमच्या अंगणात बैलांची रांग मी स्वतः पाहिली आहे. पुढे ट्रॅक्टर आले, त्यांचे गुडघे गेले, शेवटची जोडी विकली. त्या दिवसापासून मामाजी ओसरीवर बसून नुसते रस्ता बघायचे. मग हा आला, आणि बैलांशी ज्या आवाजात बोलायचे त्याच आवाजात ते या मूठभर जीवाशी बोलू लागले. "काय म्हन्ते गड्या? झोप झाली का?" त्यांच्या पायांची चाहूल लागली की तो खोक्यात दोन पायांवर उभा राहून बारीक शीळ घातल्यासारखा ओरडायचा. मामाजींचा चेहरा तेवढ्यापुरता फुलायचा.

मला हे पाहून बरं वाटायला हवं होतं. मला लाज वाटायची. सरळ सांगते. ज्या माणसाच्या हाताखालून जोड्याच्या जोड्या गेल्या तो आता मांडीवर उंदीर घेऊन बसतो, आणि येणारा-जाणारा बघतो. मला वाटायचं, लोक त्यांना नाही, आमच्या घराला हसतात. मामाजींना कोण हसतं याची फिकीर नव्हती. ती सगळी माझ्याच वाट्याला आली होती.

तर यंदाच्या संक्रांतीचं हळदीकुंकू जवळ आलं होतं आणि मी वाणाच्या डब्यांना कागद गुंडाळत बसले होते. मामाजी सकाळी ओसरीवर गेले. मग आवाज आला, "बाई, हा ओरडला नाई आज."

मी बाहेर गेले. तो खोक्याच्या कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसला होता. अंगावरचे केस ताठ उभे. हनुवटीखालचा भाग ओला. आदल्या संध्याकाळी टाकलेली तणीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, तशीच पडलेली. कोंड्याच्या वाटीला तोंडही लावलेलं नव्हतं. मामाजींनी त्याला उचललं, पोटावर दोन बोटं फिरवली, कानाशी धरलं. बैलासाठी करायचे तेच सगळं, फक्त एवढ्याशा जीवावर.

"पोट बिघडलं," ते म्हणाले. "लंघन देतो. उद्यापावतर बरा होते."

आमच्या घरात लंघनाला फार मान. बैलाचं पोट बसलं, चारा बंद. गाय रवंथ करेना, चारा बंद. पोराला ताप आला, भात बंद. पोटाला विसावा दिला की पोट आपलं आपण ताळ्यावर येतं, हे या घरात सगळ्यांना दूध पितानाच कळतं. माझ्या मुलाच्या सगळ्या आजारपणांत मीही तेच केलं आहे. त्यामुळे मामाजींनी खोक्यातली तणीस काढली, कोंड्याची वाटी काढली, नुसतं पाणी ठेवलं, तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

दुपारी ताट वाढलं तर मामाजी उठलेच नाहीत.

हेही मला ठाऊक असायला हवं होतं. लग्न होऊन आले तेव्हा एकदा असंच झालं होतं. धुरेचा बैल आजारी होता आणि मामाजींनी ताटाला हात लावला नाही. मी घाबरले, मला वाटलं भाजीत मीठ जास्त पडलं. सासूबाई म्हणाल्या, "जनावर उपाशी हाये ना. थो नाई खाऊन राह्यला तं हेबी नाई खात." मुक्या जीवाला उपाशी ठेवायचं तर आपणही राहायचं, हा त्यांचा नेम. बैलासाठी मी तो समजू शकत होते. पण या उंदरासाठी? या वयात?

"मामाजी, तुमी दोन घास खाऊन घ्या ना."

"त्यानं खाल्ल्यावर."

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी बोलता बोलता सहज सांगितलं, की तुझा पाहुणा आजारी आहे आणि आजोबांनी त्याला लंघन दिलंय. मुलगा एकदम ओरडलाच. "आई, उपाशी नको ठेवू! त्याला सारखं खायला लागतं. एक दिवस पोट रिकामं राहिलं तरी मरतो तो. आजोबांना सांग आत्ताच्या आत्ता."

मी ओसरीच्या दारात जाऊन उभी राहिले. "मामाजी, पोरगा म्हणते, याले उपाशी नाई ठेवत."

मामाजींनी वर पाहिलंही नाही. "तो इंजिनेर आहे. मी जनावरात जिंदगी काढलो."

या घरात मामाजींना जनावरांच्या बाबतीत कोणी शिकवत नाही, माझा नवराही नाही, आणि मी तर सून. एकदा सांगितलं, माझं काम झालं, असं मनाला बजावून मी चुलीकडे वळले. तरी जाता जाता चार काड्या तणीस खोक्यात टाकली. त्यानं वासही घेतला नाही.

सकाळी तो आणखी मऊ पडला होता. हातात घेतला तर थंड लागला. तेव्हा मामाजीच म्हणाले, "डाक्टरकडं नेऊन पाहू." आयुष्यात त्यांनी आपलं जनावर कोणा डॉक्टरकडे नेलं नव्हतं. लोक डॉक्टरला सोडून यांच्याकडे यायचे. ते असं म्हणाले म्हणजे त्यांचा धीर सुटला होता, हे मला कळलं.

मी स्कूटी काढली. मागे मामाजी, त्यांच्या मांडीवर टोपली, टोपलीवर माझी जुनी शाल. ऊब राहावी म्हणून शाल असं मी म्हणाले, पण खरं कारण वेगळं होतं. गावातून जाताना दोघांनी थांबवून विचारलं, "कुठं, काका?" मी गाडी न थांबवता "साकोलीले" एवढंच ओरडले.

साकोलीच्या गुरांच्या दवाखान्यात गर्दी होती. बकऱ्या, एक लंगडणारं वासरू, दोन-चार म्हशी, तोंड बांधलेलं कुत्रं. मामाजींना बघून माणसं उठली. एका म्हाताऱ्यानं वाकून पायांना हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "यायनं माहा बैल मरता मरता वाचवला होता, बाई." मला बरं वाटलं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "तुमी काय आणले, काका?" मामाजींनी शाल बाजूला केली. काही लपवायचं असतं हे त्यांच्या मनालाच शिवत नाही. मी भिंतीवर लावलेली लसीकरणाची पाटी वाचू लागले, ती पाठ होईपर्यंत.

डॉक्टर नव्याच आलेल्या होत्या, माझ्या मुलापेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी टोपलीत पाहिलं आणि हसल्या नाहीत, ही एक मोठी गोष्ट. त्या म्हणाल्या, "मी हे जनावर फारसं पाहिलेलं नाही. नागपूरला माझी मैत्रीण लहान जनावरांचं बघते, तिला विचारते." फोन लावून त्या तिच्याशी बोलत होत्या आणि सांगितल्याप्रमाणे बघत होत्या. तोंडात दिवा दाखवून दात, मग हिरड्या, मग पाय दाबून सांधे. पाय दाबले तसा तो क्षीण आवाजात कण्हला. मामाजींचा हात आपोआप पुढे आला आणि मागे गेला.

"शेवटचं कधी खाल्लं यानं?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवा दुपारी. कालपासून लंघन आहे," मामाजी म्हणाले. "मीच ठेवलो."

डॉक्टरांनी फोन कानावरून खाली घेतला. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कदाचित सोपं झालं असतं. शांतपणे, पण मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "आजोबा, याला लंघन चालतच नाही. याचं पोट सारखं चालू राहावं लागतं. एकदा थांबलं की आपलं आपण सुरू होत नाही. खाईना झाला तर याला आपण भरवायचं असतं. उपाशी ठेवलं म्हणजे आजार वाढवला." मग त्यांनी विचारलं, "हिरवं काय देता?"

पावसात हरळी देत होतो, मामाजी म्हणाले. धान कापल्यावर बांधावरचं हिरवं संपलं, आणि यंदा गुडघ्यांमुळे तळ्यापर्यंत जाणं झालं नाही. मग तणीस आणि कोंडा. आमच्याकडे एरवी सगळ्याच जनावरांना तेच असायचं.

"इथेच चुकलं," डॉक्टर म्हणाल्या. "आवळ्या-पेरूत जे जीवनसत्त्व असतं ना, ते गाय-बैल अंगातच तयार करतात. यांना जमत नाही, आपल्यासारखंच. ते मिळालं नाही की सांधे दुखतात, हिरड्या सुजतात, खाणं सुटतं. हा आधी त्यानं आजारी पडला आणि मग लंघनानं आणखी खाली गेला."

दवाखान्यात एकही माणूस हसला नाही. हसले असते तर मी त्यांना शिव्या तरी दिल्या असत्या. पण मघाशी पाया पडलेला म्हातारा आपल्या बकरीच्या गळ्यातली दोरी सोडून पुन्हा बांधू लागला. बाकावरची माणसं खाली बघू लागली. मामाजी हात जोडल्यासारखे उभे होते. आणि तेवढ्यात एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मी सांगतलं होतं मामाजींले."

ती बाई मी होते.

का बोलले? डॉक्टरांना कळावं, की या घरात एक शिकलेली बाई आहे, तिला माहीत होतं. एवढंच. खरं तर मलाही काही माहीत नव्हतं, मुलाचा निरोप तेवढा होता माझ्याजवळ, तोही मी दारात उभी राहून एकदा सांगून मोकळी झाले होते. शब्द तोंडातून गेले आणि मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. त्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांना म्हणाले, "सांगतलं होतं तिनं. मी नाई ऐकलो." मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टरांनी पोटाचं आणि दुखण्याचं औषध दिलं, जीवनसत्त्वाचे थेंब दिले. घरातली माणसांची गोळी किंवा बैलांचं उरलेलं औषध चुकूनही देऊ नका, त्यातली काही याला विषासारखी असतात, असं दोनदा बजावलं. सुई नसलेली सिरिंज दिली. कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, आणि हरळी मिक्सरमधून पातळ वाटून थोडं थोडं, तोंडाच्या कडेनं, दर दोन-तीन तासांनी. अंगाला ऊब. "आणि लेंड्या बघत राहा. लेंड्या पडू लागल्या म्हणजे पोट सुरू झालं. उद्या संध्याकाळपर्यंत पडल्या नाहीत तर नागपूरला न्यावं लागेल. तोपर्यंत तग धरेल का, हे मी सांगू शकत नाही."

परत येताना मामाजींनी टोपली दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. दारात उतरल्यावर टोपली त्यांनी माझ्या हातात दिली. "तूच पाह्य आता, बाई. माह्या हातानं नको." आणि सरळ मागे कोठ्यात जाऊन बसले, जिथे आता गुरं नाहीत, नुसते दावणीचे खुंटे आहेत आणि एका बाजूला तणशीचा ढीग.

मी पदर खोचला. तळ्याकाठून हरळी आणली, परसातला सांबार खुडला, वाटला, गाळला, सिरिंजमध्ये भरला. आणि मग कळलं की आपल्याला काही येत नाही. तो हातातून सुळकन निसटायचा. तोंड उघडायचा नाही. उघडलं तर सगळं बाहेर. माझ्या हातावर हिरवं, साडीवर हिरवं, त्याच्या नाकावर हिरवं, पोटात काही नाही. मी पुन्हा केलं. एकदा तर त्याला ठसका लागला आणि माझाच जीव गेल्यासारखा झाला. ओट्यावर वाणाचे डबे कागद गुंडाळून रांगेत ठेवलेले होते, दुसऱ्याच दिवशी हळदीकुंकू. मी त्या डब्यांकडे बघून रडले.

मग कोठ्यात गेले. "मामाजी, तो माह्या हातचं नाई खाऊन राह्यला."

ते खुंट्याला पाठ टेकून बसले होते.

"मी तिथं तसं बोलाले नव्हतं पाहिजे," मी म्हणाले.

"खरंच बोल्ली तू," ते म्हणाले. "खऱ्याचा कायले राग?" मग आपल्याशीच म्हणाले, "लोकाइचे बैल पाहिलो मी इतके वर्स. कोन्ते लंघनानं वाचले आन कोन्ते तसेच वाचले असतील, कोनाले मालूम." त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं डॉक्टरांच्या बोलण्यानं लागलं नव्हतं. एका सकाळीत मामाजी आपला सगळा जन्म तपासायला बसले होते.

मी त्यांची समजूत घालू शकले नाही. मला शब्द येत नव्हते, आणि आले असते तरी माझ्या तोंडून ते कोणाला खरे वाटले असते? मी टोपली तिथेच आणली. त्यांच्यासमोर तणशीवर बसले आणि पुन्हा भरवायला लागले. नाटक नव्हतं ते. मला खरंच जमत नव्हतं. तो धडपडला, हिरवं ओघळलं. मी त्याची मान धरली.

"मान नको धरू!" मामाजी ओरडले. "मागून आधार दे त्याले. बूड टेकलं पायजे कशाले तरी." मी आधार दिला. "असा नाई. अवो, असा नाई धरत!" आणि मग राहवलं नाही त्यांना. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, स्वतःच्या छातीशी उभा टेकवला, एका तळव्यावर त्याचं बूड ठेवलं. त्या जाड अंगठ्यानं ओठाची कड अलगद वर केली, पुढच्या दातांच्या मागे जी फट असते तिथे सिरिंज लावली. बैलाला बांबूच्या नळीनं औषध पाजताना असंच बाजूनं पाजतात, घाई करत नाहीत. एक थेंब. थांबले. तो चावू लागला. खरंच चावू लागला, तोंड आडवं हलवत.

"घेतला," मामाजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "किती टायमानं द्याचं म्हनलं डाक्टरनं?"

सत्तावीस वर्षं झाली मला या घरात येऊन. जनावराबद्दल त्यांनी मला काही विचारावं असं पहिल्यांदाच घडत होतं. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, शाळेतल्या पोरासारखी. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिथून पुढे त्यांनी तो सोडला नाही. कोठ्यातच खाट टाकली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवली, मी वाटून आणायची आणि ते भरवायचे. पेरूची फोड, म्हणजे आमचा जाम, त्याच्या नाकाशी धरून बसायचे. त्यानं एकदा ती नुसती चाटली. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "पोटात गेलं त्याच्या. पन खाली नाई उतरलं अजून. उतरू दे." म्हणजे लेंड्या पडेपर्यंत जेवण नाही. काळा चहा आणि पाणी, एवढ्यावर ते होते. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "बाबाले कोन समजावते? तो जनावर वाचला तं बाबा जेवतीन." आता माझा जीव दोघांसाठी टांगणीला लागला होता.

हळदीकुंकू रद्द करावं असं मनात आलं होतं. पण बोलावणी गेली होती. कारण काय सांगायचं? गिनी पिग आजारी आहे म्हणून? गावानं वर्षभर चघळलं असतं. दुपारी बायका आल्या. नव्या साड्या, केसांत अबोली, ओसरीभर बांगड्यांचा आवाज. मी हळद लावत होते, कुंकू लावत होते, तिळगूळ देत होते आणि कान कोठ्याकडे होते. सरपंचीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या कपाळाकडे माझं बोट गेलं होतं, तेवढ्यात मधल्या खोलीतून मामाजींचा आवाज आला.

"बाई! अवो बाई! पाह्य, उतरलं!"

आणि ते ओसरीवर आलेच. अंगात बनियान, तणशीच्या काड्या चिकटलेलं धोतर, दाढी वाढलेली, आणि चेहरा असा, की शंकरपट जिंकून आल्यावर तो कसा दिसत असेल ते मला त्या दिवशी कळलं. उजवा तळवा पुढे. तळव्यावर चार-पाच काळ्या, ओल्या लेंड्या. त्यांना बायका दिसतच नव्हत्या. मीच दिसत होते. कारण लेंड्या बघायला सांगितलंय हे घरात मलाच माहीत होतं, आणि ज्याला माहीत आहे त्यालाच ही बातमी सांगायची होती.

एका बाईनं नाकाला पदर लावला. मागून कोणीतरी "काय वं ते?" म्हणालं आणि खसखस पिकली.

मी कुंकवाचा करंडा खाली ठेवला आणि मामाजींपुढे हात पसरला. हे मी केलं, खरंच केलं. पण हात तिकडे गेला आणि नजर सरपंचीणबाईंच्या चेहऱ्याकडे गेली. क्षणभरच. जनावराची नजर कुठे वळते यावरून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस तो. माझी नजर कुठे गेली ते त्यांना दिसलं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं, पहिल्यांदाच. साड्या, ताटं, रांगोळी. चेहऱ्यावरचं सगळं विझलं आणि त्यांनी मूठ मिटली.

"राहू दे, बाई," ते हळूच म्हणाले. "हात खराब होईन तुहा. सनाचा दिस आहे." आणि आत गेले.

मी बायकांना दोन मिनिटांत येते म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढलं. भात, वरण, वर तुपाची धार, बाजूला तिळगूळ. कोठ्यात गेले तर तो तणशीवर बसून सांबाराची काडी आपली आपण ओढत होता, आणि मामाजी लांब, दाराच्या आड सरकून बसले होते, ओसरीवरून दिसणार नाही अशा जागी.

"मामाजी, उतरलं ना आता? जेवून घ्या."

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग ओसरीच्या बाजूला कान दिला. बायका हसत होत्या, दुसऱ्याच कशावर तरी असेल.

"झाकून ठेव, बाई," ते म्हणाले. "तुह्या बाया जाऊ दे आधी. मंग जेवतो मी."

मी ताट झाकून ठेवलं, आणि बाहेर येऊन राहिलेल्या बायकांना हळदीकुंकू लावलं.